माल उचलणार की भाव चढणार? 'पिक अप'चा गोंधळ

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा रावेरकडे केळीचा धंदा आहे. दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या एका पार्टीशी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत बोलणं चालतं. परवा त्यांचा मेसेज आला, 'मार्केट विल पिक अप आफ्टर मंडे'. मी वडिलांना सांगून मोकळा झालो की सोमवारनंतर माल उचलताय, त्यांनी कटाईवाल्यांना निरोपही धाडला. मग फोनवर कळलं की त्यांना भाव वाढेल असं म्हणायचं होतं. ह्याच माणसाने मागच्या महिन्यात 'वी विल पिक अप द मटेरियल' लिहिलं तेव्हा खरंच गाडी आली होती. मग ओळखायचं कसं? (रावेरचा एक वाचक)

उत्तर: भाऊ, आधी सांगा कटाई थांबवली ना? घड एकदा उतरला की तो कोणाच्या व्याकरणासाठी थांबत नाही.

ओळखायचं सोपं आहे, पण त्यासाठी 'पिक अप'कडे बघू नका, त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघा. 'वी विल पिक अप द मटेरियल' मधे उचलणारा कोण ते आहे (वी) आणि काय उचलायचं तेही आहे (मटेरियल). 'मार्केट विल पिक अप' मधे पुढे काहीच नाही, आणि मार्केट काही हमाल नाही घड उचलायला, म्हणजे ते स्वतःच वर जाणार. आपण नाही का म्हणत, बाजाराला उठाव आलाय. आणि आपल्या 'उचल'चंही तेच आहे बरं का, मजुराने उचल घेतली आणि व्यापाऱ्याने माल उचलला ह्यात आपला कोणाचा गोंधळ होत नाही कारण पुढचामागचा संदर्भ आपोआप कळतो, इंग्रजीत तेवढा कान तयार झालेला नसतो एवढंच.

सुधारणं, वाढणं, जोर धरणं ह्या सगळ्याला हा दुसरा 'पिक अप' चालतो. 'डिमांड पिक्स अप इन रमजान', म्हणजे रमजानमधे मागणी वाढते. 'बिझनेस हॅज नॉट पिक्ड अप', म्हणजे धंद्याने अजून जोर धरला नाही. आणि केळीवाल्याने लक्षात ठेवायचं वाक्य म्हणजे 'द विंड इज पिकिंग अप'. इथे कोणी काही उचलत नाहीये, वारा वाढतोय. मे-जूनमधे हा मेसेज आला तर भाषांतर नंतर करा, आधी बागेकडे बघा, कारण घड लागलेलं झाड जड असतं आणि वादळात आडवं व्हायला वेळ लागत नाही.

आता जी चूक जवळपास सगळेच करतात ती. पाहुण्याला आपण लिहितो 'आय विल पिक अप यू फ्रॉम भुसावळ'. चूक. यू, हिम, हर, इट, देम असे छोटे शब्द आले की ते मधे बसतात: 'आय विल पिक यू अप'. केळीचे खोके असतील तर 'पिक देम अप'. नाव घेतलं असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द कार्टन्स' म्हणा नाहीतर 'पिक द कार्टन्स अप' म्हणा, पण 'शेडमागे ठेवलेले सावद्याचे सगळे खोके' एवढं लांबण असेल तर ते मधे कोंबू नका, 'अप' पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडतं. आणि भाव वाढण्याच्या अर्थात मधे काहीच घालता येत नाही. म्हणजे तुमच्यासाठी ही एक परीक्षाच झाली: मधे 'इट' बसतंय का? बसलं तर उचलणं, नाही तर वाढणं. (फोनचं सोडून. 'ही इज नॉट पिकिंग अप' मधेही पुढे काही नाही, पण माणूस असला की फोनच समजा.)

गाडीला म्हणतो तो पिकअप वेगळा, ते नाम आहे, एकत्र लिहितात आणि जोर 'पिक'वर देतात. क्रियापद तोडून लिहायचं, बोलताना 'अप'वर जोर. 'सेंड युवर पिकअप टु पिक अप द कार्टन्स' हे वाक्य विचित्र वाटतं पण शंभर टक्के बरोबर आहे. बाइकला पिकअप नाही म्हणतो तेही नामच.

प्रश्न: मॅडम, मी धुळ्याला एका ऑफिसात आहे. साहेब म्हणतात 'यू डिडन्ट पिक्ड अप माय कॉल'. मला खटकतं, पण साहेबांना कोण सांगणार? (नाव नको)

उत्तर: साहेबांना सांगू नका, पण स्वतः नीट बोला. 'डिडन्ट' आलं की भूतकाळ तिथेच संपला, पुढे साधं 'पिक अप'. 'यू डिडन्ट पिक अप' एवढं पुरतं, कॉल म्हणायचीही गरज नाही. 'ही इज नॉट लिफ्टिंग द फोन' हेही आपल्याकडे फार चालतं, ते आपल्या 'उचलत नाही'चं सरळ इंग्रजी केलेलं आहे. आपल्यातल्या आपल्यात समजतं, बाहेरच्याशी बोलताना 'पिकिंग अप' म्हणा. आणि फोन कट केला ते 'ही हंग अप'. 'पिक्ड'चा उच्चार 'पिक्ट' होतो, 'पिकेड' नाही, हे मात्र साहेबांच्या कानावर हळूच पडू द्या.

प्रश्न: ताई, मी जळगावला कॉलेजला आहे, गाव चोपड्याकडे. निबंधात लिहिलं की सुट्टीत मी 'पिक्ड अप कॉटन इन अवर फार्म', सरांनी 'अप' खोडलं. का खोडलं? आणि स्टेशनवरून बहिणीला आणलं तर काय लिहायचं?

उत्तर: सरांनी बरोबर खोडलं. बोंडातून कापूस वेचणं म्हणजे नुसतं 'पिक', वेचणीला इंग्रजीत 'पिकिंग'च म्हणतात, पहिली वेचणी म्हणजे 'फर्स्ट पिकिंग'. 'पिक अप' लिहिलं की खाली मातीत पडलेला कापूस गोळा केला असा अर्थ होतो, आणि त्या कापसाला काडीकचऱ्यामुळे काय भाव मिळतो ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

बहिणीचं 'आय पिक्ड अप माय सिस्टर फ्रॉम द स्टेशन', बिनधास्त लिही. फक्त तुझ्या वर्गातल्या मुलांना सांग, 'आय पिक्ड अप अ गर्ल ॲट द स्टेशन' असं अनोळखी मुलीबद्दल लिहिलं तर त्याचा अर्थ मुलगी पटवली असा होतो, आणि निबंध घरी वाचला जातो.

जाता जाता शिकण्याचंही सांगते. क्लास न लावता, कानावर पडून पडून जे येतं तेही 'पिक अप'. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत बाहेरून आलेल्या घरातलं पोरगं खेळता खेळता अहिराणी बोलायला लागलं तर 'ही पिक्ड अप अहिराणी'. परीक्षेसाठी घोकलेल्याला ते म्हणत नाहीत. सर्दी लागली तरी 'पिक्ड अप अ कोल्ड', बॉलरने तीन विकेट काढल्या तरी 'पिक्ड अप थ्री विकेट्स'. पण भांडण उकरून काढलं तर तिथे पुन्हा 'अप' नाही, 'ही पिक्ड अ फाइट'.