पिशवी काढण्यापूर्वी आणि पाळी गेल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये दोन सल्ले पुन्हा पुन्हा भेटतात. एक घरातला, ‘या वयात असं व्हायचंच, सोसायचं’. दुसरा दवाखान्यातला, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’. या दोहोंच्या मध्ये तपासणी आणि औषधोपचार नावाचा जो मोठा टप्पा आहे, तो बहुतेक पत्रलेखिकांच्या वाट्याला आलेलाच नाही. पुढील उत्तरे मुख्यतः त्या टप्प्याविषयी आहेत.

प्रश्न : माझे वय 43 आहे. आम्ही नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडणीला जातो. वर्षभरापासून माझी पाळी दहा-दहा दिवस चालते, गाठी पडतात, चक्कर येते. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली, तेव्हा ‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले. हंगामात खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून जाण्याआधीच ऑपरेशन उरकून घ्यावे, असे घरचे म्हणतात. काय करावे? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, एका सोनोग्राफीच्या आणि ‘सूज’ या एका शब्दाच्या भरवशावर गर्भाशय काढण्याचा निर्णय घेऊ नका. ‘पिशवीला सूज’ हे कोणत्याही आजाराचे निदान नाही. मुले झालेल्या स्त्रीची पिशवी चाळिशीत थोडी मोठी दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तेवढ्यावरून कॅन्सरची भीती घालणे मला अत्यंत अयोग्य वाटते.

तुमच्या वयात रक्तस्राव का वाढतो, ते आधी समजून घ्या. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. ज्या महिन्यात ते पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, इस्ट्रोजेनचा परिणाम मात्र चालूच राहतो, आणि त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर वाढत जाऊन नंतर गाठींसह, अनेक दिवस गळत राहते. असे असेल तर बिघाड संप्रेरकांच्या तालात असतो आणि तो बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतो. कधी कारण गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी असतात, कधी थायरॉइड असते. कारण शोधल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, गर्भधारणा नाही याची खात्री करा आणि सोनोग्राफीचा लेखी अहवाल स्वतःजवळ ठेवा. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्यावी. 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आहे आणि सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. गर्भाशयाच्या आतल्या कॅन्सरची शंका असेल, तर अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ‘कॅन्सर होईल’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांना ‘तुकडा तपासला का, अहवाल कुठे आहे?’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मोठा दोष आढळला नाही, तर पाळीच्या दिवसांपुरत्या घेण्याच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, ठरावीक दिवस घेण्याच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी यांपैकी एक उपाय निवडता येतो. ही तांबी निदान पाच वर्षे काम करते, म्हणजे तुम्हाला ती पाळी जाण्याच्या वयापर्यंत सहज नेऊ शकेल; भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. फायब्रॉइडच्या लहान गाठीही त्यानंतर आपोआप आक्रसतात. चक्कर रक्त कमी झाल्यामुळे येत असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे लोहाचे उपचार आजपासूनच सुरू व्हायला हवेत.

गर्भाशय काढणे काही वेळा खरोखर गरजेचे असते. सिद्ध झालेला कॅन्सर, खूप मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव ही त्याची कारणे आहेत. नुसते पांढरे जाणे किंवा कंबरदुखी हे कारण होऊ शकत नाही. ऑपरेशन उरकून लगेच तोडणीला जाता येईल, हा हिशेबही चुकीचा आहे, कारण या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड ओझे उचलायचे नसते. मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची कशी?

तुमच्या जिल्ह्यात ही वाट पूर्वी अनेकींनी धरली आहे. 2019 मध्ये हा विषय वर आल्यानंतर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3.3 टक्के होते. पुढे 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागताना संकोच करू नका. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात सर्व कागद घेऊन जा. मात्र तासाला एक पॅड भिजत असेल किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : माझे वय 41. पाच वर्षांपूर्वी पिशवी काढली. ‘फक्त पाळी थांबेल’ असे सांगितले होते, पण काही आठवड्यांतच अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, झोप उडाली, आता गुडघे आणि कंबर सतत दुखते. लोक म्हणतात, ऑपरेशननंतर असेच होते. (एक वाचक, परभणी)

उत्तर : तुम्ही सांगता त्यावरून पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असावेत, अशी शंका येते. त्याची खात्री घरीच होऊ शकेल. त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड काढा. शस्त्रक्रियेच्या नावात ‘टीएएच’ म्हणजे पोटावरून गर्भाशय काढणे. त्यापुढे ‘बीएसओ’ अशी अक्षरे असतील, तर दोन्ही बाजूंच्या नलिका आणि बीजकोश काढलेले आहेत. काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल असेल तर त्यात ‘ओव्हरी’चा, म्हणजे बीजकोशाचा, उल्लेख आहे का, तेही पाहा. कागद हरवले असतील, तर त्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागा. बीजकोश ठेवले असले, तरी गर्भाशय काढल्यावर ते काही वर्षे लवकर थकू शकतात. ते एफएसएच या संप्रेरकाच्या रक्ततपासणीतून समजते.

नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरते. बीजकोश काढल्यावर ते काही दिवसांत जवळजवळ संपते, म्हणून त्रासही तीव्र होतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हाडांची झीज आणि हृदयविकाराची जोखीम दहा-दहा वर्षे आधी सुरू होते. म्हणून इतक्या कमी वयात बीजकोश गेलेल्या स्त्रीला, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा आजार झालेला नसेल तर, रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून देणे हाच योग्य उपचार मानला जातो. गर्भाशय नसल्यामुळे तुम्हाला साधारणपणे एकटे इस्ट्रोजेन पुरते, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. पाच वर्षे कोणी हे सुचवले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. अजूनही उशीर झालेला नाही.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ‘ड’ जीवनसत्त्व, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा पाहून घ्या. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असते. भाकरी, दूध-दही, तिळाची चटणी आणि पालेभाजी रोज पोटात गेली तर गोळ्यांची गरज बरीच कमी होते. रोज चालणे आणि थोडे वजन उचलण्याचा व्यायाम यांशिवाय हे कॅल्शियम हाडाच्या फारसे कामी येत नाही.

प्रश्न : वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झाले. बैठकीत बोलता बोलता छातीपासून चेहऱ्यापर्यंत आग उसळते, रात्री दोन-तीनदा घामाने कपडे भिजतात, आणि बँकेच्या कामात लक्ष लागत नाही. डॉक्टरांनी हार्मोन सुचवले आहेत, पण ‘त्याने कॅन्सर होतो’ असे मैत्रिणी सांगतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही भीती जिथून आली तो अभ्यास अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांवरचा त्याचा भाग जुलै 2002 मध्ये मध्येच थांबवण्यात आला आणि जगभर हे उपचार एका रात्रीत बदनाम झाले. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटलेला होता. स्तनाच्या कॅन्सरमधली वाढ होती दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ रुग्ण. गर्भाशय काढलेल्या आणि एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ती वाढ दिसली नाही. नंतर वयानुसार आकडे तपासले गेले, आणि आज सर्वमान्य मत असे आहे की, साठीच्या आत असलेल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, तीव्र त्रास असणाऱ्या निरोगी स्त्रीला या उपचाराचा फायदा जोखमीपेक्षा जास्त होतो. तुम्ही या गटात बसता.

तरीही काही गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी सुरू करू नका. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही झाले असेल, तर हा मार्ग सहसा बंद असतो. तुमचे गर्भाशय जागेवर असेल, तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घेणे अत्यावश्यक आहे, कारण एकट्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढून कॅन्सरचा धोका निर्माण होतो. त्वचेवर लावायच्या जेलमुळे गुठळीची जोखीम गोळ्यांपेक्षा कमी राहते, याचाही विचार करा. उपचार सुरू करण्याआधी स्तनांची तपासणी व मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करावी आणि दरवर्षी डॉक्टरांबरोबर फेरविचार करावा. हार्मोन नकोच असतील, तर वेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे गरम वाफांची तीव्रता कमी करतात. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

प्रश्न : वय 47. पाच महिने पाळी नाही. आता संततिनियमन थांबवले तर चालेल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. पाळी लांबली तरी अधूनमधून बीज बाहेर पडू शकते. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी. सध्या आधी गर्भधारणेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : वय 56. योनीमार्गात कोरडेपणा आहे, लघवीला जळजळ होते, शरीरसंबंध नकोसा झाला आहे. हे कोणाला सांगणार? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

उत्तर : तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण ही तक्रार असंख्य स्त्रिया मनातच ठेवतात. गरम वाफा काही वर्षांनी ओसरतात. हा त्रास मात्र उपचाराशिवाय सहसा वाढतच जातो. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्गाची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ होते, आणि जळजळ व वारंवार होणारा जंतुसंसर्ग हे दोन्ही त्यातून येतात. लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना ते पाहा, मग डॉक्टरांकडून योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम लिहून घ्या. त्याचा अंश रक्तात अगदी थोडा जातो आणि काही आठवड्यांत फरक जाणवतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगा. साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे पूर्ण बंद करा. समोरासमोर बोलणे जड जात असेल, तर हेच पत्र डॉक्टरांच्या हाती दिले तरी पुरे.

प्रश्न : आईचे वय 59. पाळी जाऊन आठ वर्षे झाली. गेल्या आठवड्यात कपड्याला एकदाच रक्ताचा डाग लागला. ती म्हणते, उष्णता झाली असेल. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डाग एकच असला आणि दुखत नसले, तरी तिला याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचे कारण बहुतेकींमध्ये योनीमार्गाच्या त्वचेचा कोरडेपणा किंवा साधी गाठ असे किरकोळ निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचे हेच सर्वांत पहिले लक्षण असते आणि त्या अवस्थेत तो बहुधा पूर्ण बरा होतो. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त भरली किंवा रक्त पुन्हा दिसले, तर तुकडा तपासावा लागेल. जाताना तिच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, आणि डाग कोणत्या तारखेला लागला ते लिहून ठेवा.