घरातल्या भूकासवाला दिवा कोणता लावू, आणि ते पाणी पीत नसेल तर काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्षाचं हर्मन्स जातीचं भूकासव, काचेच्या टाकीत, टाकी खिडकीजवळ, वर जाळीचं झाकण आणि त्यावर एक साधा बल्ब. पाण्याची वाटी भरलेली असते, पण ते पिताना कधी दिसत नाही. आणि हल्ली पाठीवरचे खवले एकेका टेकाडासारखे वर यायला लागलेत. दिवा कोणता, किती वेळ, आणि पाणी कसं द्यायचं?

मी बरीच वर्षं भूकासवं सांभाळतेय आणि यातल्या बहुतेक चुका स्वतः केल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खिडकीबद्दल. काचेतून येणारं ऊन आपल्याला ऊनच वाटतं, पण कासवाला त्यातलं जे हवं असतं ते काच अडवते. सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील) किरणांमुळे कासवाच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते, अंगाच्या उबेने ते काम पुरं होतं, आणि डी३ असेल तरच खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून अंगी लागतं. यूव्हीबी नसेल तर शरीर हाडांमधलं आणि कवचातलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. वरून काचेची टाकी थेट उन्हात आली तर काही मिनिटांत आतली हवा जीवघेणी तापते. तेव्हा टाकी आजच खिडकीपासून हलवा.

साध्या बल्बमधून ऊब मिळते, यूव्हीबी अजिबात नाही.

आता दिव्यांचं. बाहेर कासव ऊन खायला बसतं तेव्हा उजेड, ऊब आणि यूव्हीबी एकाच दिशेने, एकाच वेळी त्याच्या पाठीवर पडतात. घरात आपण हेच ऊन तीन दिव्यांत वाटून देतो, आणि मग एक दिवा या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात लावून मोकळे होतो. कासव ऊब असेल तिथे जाऊन बसतं आणि यूव्हीबीची ट्यूब दुसऱ्या टोकाला नुसती जळत राहते. म्हणून तिन्ही दिवे शेजारी शेजारी, एकाच जागेवर पडतील असे लावा. ती कासवाची ऊन खायची जागा. उरलेल्या टाकीत उजेड हवा, पण ऊब आणि यूव्हीबी कमी कमी होत गेली पाहिजे, आणि एका टोकाला पूर्ण सावली हवी. किती ऊन घ्यायचं ते कासवाला कळतं. निघून जायला जागा ठेवणं आपलं काम.

यूव्हीबीसाठी टी-५ हाय आउटपुट प्रकारची लांब ट्यूब घ्या, रिफ्लेक्टरसकट. टाकीच्या साधारण अर्ध्या लांबीची पुरते. पिळाचे छोटे यूव्हीबी बल्ब मिळतात ते मी आता घेत नाही, कारण त्यांचा परिणाम फार थोड्या जागेत होतो. माझ्या पहिल्या कासवाला मी असाच एक बल्ब जाळीवरून, बराच उंच लावला होता. बल्ब रोज उजळत होता, त्यामुळे सगळं ठीक आहे असं मी धरून चालले. एक दिवस त्याला उचलताना मागच्या कडेला अंगठा जरा दबला आणि कवच जाड पुठ्ठ्यासारखं आत गेलं. ती जाणीव अजून माझ्या बोटात आहे. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला, हाडं फिकी दिसत होती. ते वाचलं, पण कवच पुन्हा टणक व्हायला कित्येक महिने गेले.

त्यातून दोन गोष्टी शिकले. एक, बारीक जाळी यूव्हीबीचा मोठा भाग, कधी कधी एक तृतीयांशाहून जास्त, खाऊन टाकते. म्हणून ट्यूब जाळीच्या खाली लावा. दोन, यूव्हीबी कमी होतं तेव्हा डोळ्यांना काहीच कळत नाही. उजेड तसाच राहतो, आतलं काम संपलेलं असतं. चांगली टी-५ ट्यूब साधारण वर्षभर चालते, मग दिसायला उत्तम असली तरी बदलायची. लावल्याची तारीख तिच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा. ट्यूब आणि कासवाची पाठ यांत किती अंतर हवं ते ट्यूबच्या कंपनीने दिलेलं असतं, ते पाळा. कोणाकडून यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर मिळालं तर फारच छान: ऊन खायच्या जागी, पाठीच्या उंचीवर, ३ ते ५ च्या आसपास आकडा हवा. आणि ट्यूब कायम वरूनच. बाजूने लावली की किरण थेट डोळ्यांत जातात; वरून येणाऱ्या उन्हापासून डोळ्यांना भुवईच्या हाडाची सावली मिळते, बाजूच्या दिव्यापासून मिळत नाही.

उबेसाठी रुंद झोताचा हॅलोजन फ्लड दिवा. ‘रुंद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बारीक झोताचा स्पॉट दिवा पाठीच्या मधोमध एका रुपयाएवढ्या जागेवर आग ओकतो आणि पाय गारच राहतात. कासव अंग तापेना म्हणून तिथेच बसून राहतं आणि वरचे खवले वाळत जातात. उबेचा झोत कासवापेक्षा मोठा हवा. कासव वाढलं की एकाऐवजी दोन दिवे शेजारी लावायचे.

तापमान कुठे मोजता हे सगळ्यात महत्त्वाचं. मी कित्येक दिवस दिव्याखालच्या फरशीवर टेम्परेचर गन धरून ३३ अंश पाहायचे आणि खूश व्हायचे. मग एकदा कासव तिथे बसलेलं असताना सहज त्याच्या पाठीवर गन धरली: ४१! पाठ घुमटासारखी उंच असते, त्यामुळे ती दिव्याच्या तेवढी जवळ जाते. तेव्हापासून मी कासवाच्या उंचीचा एक चपटा दगड दिव्याखाली ठेवते, तासभर तापू देते आणि त्याच्या माथ्यावर मोजते. तिथे ३२ ते ३५ अंश हवेत. जास्त आले तर दिवा वर घ्या किंवा डिमर लावा. थंड टोकाला २२ ते २५.

दिवे सकाळी लागून १२ तासांनी बंद होतील असा टायमर लावा. खोली मुळात अंधारी असेल तर ६५०० केल्विनची पांढरी एलईडी पट्टीही जोडा. कासव मरगळलेलं आहे असं लोक सांगतात, तेव्हा बऱ्याचदा टाकीत नुसता उजेड कमी असतो. रात्र मात्र काळोखाची. लाल-निळे ‘रात्रीचे’ बल्ब घेऊ नका. कासवांना रंग चांगले दिसतात आणि त्यांची झोप मोडते. खोली रात्री १८ अंशांच्या खाली जात नसेल तर या वयाच्या हर्मन्सला रात्री हीटरची गरज नाही. जात असेल तर सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटसह. त्याला उजेड नसतो. पोटाखाली गरम होणारी चटई किंवा गरम दगड नको. कासवाला ऊब वरून येते एवढंच ठाऊक असतं, खालून भाजतंय हे त्याला वेळेवर उमगत नाही.

आता पाणी. टेकाडांचं कारण मला इथेच जास्त दिसतं. याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी जास्त प्रथिनांना दोष दिला जायचा. पण वाढीच्या वयात कोरड्या हवेचा परिणाम त्याहून मोठा असतो, हे आता मान्य झालंय. खवल्यांच्या कडांना नवा थर येताना तो ओलसर असेल तर सपाट पसरतो, वाळत गेला तर खाली दबतो आणि मधला भाग उंच राहतो. दिव्याखालची हवा बाहेरच्या उन्हातल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी होते. म्हणजे जो दिवा तुम्ही त्याच्या भल्यासाठी लावता, तोच त्याला सुकवतो, आणि ते पाणी तुम्हीच परत द्यायचं असतं. कोरड्या प्रदेशातल्या कासवांना ओल नको असं कोणी सांगितलं तर सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं सुल्काटा आठवा. ते कडक उन्हाचा वेळ खोल बिळात काढतं, आणि बिळातली हवा दमट असते.

म्हणून टाकीत किमान १० सेंमी माती आणि नारळाच्या काथ्याच्या भुशाचं मिश्रण घाला. कोपऱ्यांतून पाणी सोडा, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा जवळपास कोरडा राहील. एका बाजूला लपायला बंद खोपा करा आणि त्यात ओलं शेवाळ (मॉस) घाला. तिथे ७० ते ८० टक्के आर्द्रता राहू द्या. अट एकच, ओल आणि गारठा एकत्र येऊ द्यायचा नाही. त्याने सर्दी होते आणि पोटाकडचं कवच सडतं.

वाटी बदला. कडा उंच असलेली वाटी लहान कासवाला भिंतच असते, आणि आत जाऊन उलटलं तर बुडतं. कुंडीखाली ठेवतात तशी मातीची खरखरीत, उथळ थाळी थोडी मातीत बसवून ठेवा, म्हणजे ते चालत आत जाईल.

आणि रोज आंघोळ. दीड वर्षाच्या कासवाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. सकाळी दिवे लागून तासभर झाल्यावर, अपारदर्शक टबात, पारदर्शक असेल तर ते भिंतीला धडका मारत राहतं. मनगटाला जेमतेम कोमट लागेल असं पाणी, वरचं आणि पोटाकडचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, म्हणजे मान खाली असली तरी नाक पाण्याबाहेर राहील. १५ ते २० मिनिटं. पाणी गार व्हायला लागलं की बदला.

पहिले काही दिवस ते फक्त बाहेर पडायची धडपड करेल. मग एक दिवस थबकेल, मान लांब करून तोंड पाण्यात घालेल आणि स्तब्ध होईल. घाबरू नका. गळ्याकडे बारकाईने बघा, कातडी हळूहळू आतबाहेर होताना दिसेल. ते पितंय. तुमचं कासव वाटीतून पीत नव्हतं याचा अर्थ त्याला तहान नाही असा नव्हता.

पाण्यात ते बहुतेक वेळा शी-शू करेल, तीही बघायची. लघवीसोबत पांढरं येतं ते यूरेट. मऊ, पातळ दह्यासारखं असेल तर पाणी पुरतंय. टूथपेस्टसारखं घट्ट किंवा बोटात चोळल्यावर रव्यासारखं रवाळ लागलं तर पाणी कमी पडतंय. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होऊ शकतो. हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

कॅल्शियमची पूड पाल्यावर आठवड्यातून काही वेळा भुरभुरा. डी३चे थेंब मात्र स्वतःच्या मनाने पाजू नका. उन्हाने तयार होणारं डी३ शरीर गरजेपुरतंच ठेवतं, तोंडावाटे दिलेलं जास्त झालं तर विषारी ठरतं. हवा उबदार असेल तेव्हा सावली आणि निवारा असलेल्या बंदिस्त जागेत, तुमच्या नजरेसमोर, त्याला बाहेरचं खरं ऊन मिळू द्या. कोणत्याही ट्यूबपेक्षा ते चांगलं.

कवच दाबलं जात असेल, डोळे आत गेलेले किंवा मिटलेले असतील, नाकातून बुडबुडे येत असतील, तर यातलं काही करून बघत वेळ घालवू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे थेट न्या.

आलेली टेकाडं सपाट होणार नाहीत. पण पुढची वाढ गुळगुळीत येऊ शकते. खवल्यांच्या मधल्या फटींत फिकट, जवळपास पांढुरकी रेघ दिसते, तीच नवी वाढ. आज त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला, वरून आणि बाजूने एकेक फोटो काढा, आणि दोन महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा काढा. ते फोटो इथे टाकलेत तर मी नक्की बघेन.