हवेतल्या धुरामुळे ढगांतून पडणारा पाऊस कमी होतो का?

हो, कमी उंचीच्या, उथळ ढगांतून पाऊस कमी होतो. काही वेळा पडतच नाही. हवेतली वाफ नुसती थंड होऊन थेंब होत नाही, तिला धरायला मीठ, धूळ, सल्फेट असा एखादा कण लागतो. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत असे कण थोडे असतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर पाणी येतं. धुरकट हवेत तेच पाणी कितीतरी जास्त कणांत वाटलं जातं आणि थेंब बारीकच राहतात. मुद्दा इथेच आहे: पावसाचा एक थेंब बनायला ढगातले साधारण 10 लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि सगळे सारखेच बारीक असले तर ते एकमेकांवर फारसे आदळत नाहीत, हवेबरोबर बाजूने निसटतात. ढग दिसतो भरलेला, पण वाऱ्याबरोबर पुढे जातो किंवा विरून जातो. इस्रायलचे हवामानशास्त्रज्ञ डॅनियल रोझनफेल्ड यांनी 2000 साली उपग्रहाच्या निरीक्षणांतून शहरं आणि कारखान्यांवरून वारा ज्या दिशेला जातो तिकडच्या ढगांत हे दाखवलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात विमानातून ढगांत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले, ते याच्या उलट तत्त्वावर: मोठे, पाणी ओढणारे कण मिळाले की थेंब लवकर मोठे होतात.

एक लक्षात ठेवा. गडगडाटी, उंच ढगांत बारीक थेंब वर जाऊन गोठतात, त्यातून उष्णता सुटते आणि ढग आणखी जोर धरू शकतो. तिथे पाऊस उशिरा, पण धो धो पडू शकतो. हा परिणाम किती मोठा, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.