लेकीला संगीत नाटकात घालताय? मग हे ऐका

ताई, लेकीला कोरसमध्ये घेतलं म्हणून हिरमुसू नका. पहिल्या वर्षी कोरसच बरा. नांदीला, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या स्तवनाला, उभी राहणारी तीच मुलं, आणि शेजारच्याचा सूर ऐकत गायची सवय तिथेच लागते. मुख्य भूमिकेसाठी दिग्दर्शकाच्या मागे लागणारे पालक तालमीत कुणालाच नको असतात, हे स्पष्टच सांगते.

पट्टीचं मात्र पहिल्याच आठवड्यात विचारा. पुरुषांच्या सोयीने काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरून, बसवलेलं पद लहान गळ्याला फार खाली पडतं. मूल खर्जात पुटपुटतं आणि आपण म्हणतो, हिला आवाजच नाही. पेटीवाल्या काकांना तेच काळी चारमध्ये वाजवायला सांगा, लगेच फरक कळेल. घरी मोबाईलवर तानपुरा लावून वीसेक मिनिटं रियाज पुरे. ओरडून गायला लागली की थांबवा.

संवाद पाठ करून घ्या, पण हातवारे शिकवू नका. घरी बसवलेले हातवारे मोडताना दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात.

रंगीत तालीम चुकवायची नाही, घरचं लग्न असलं तरी. नाशिकच्या कालिदास कलामंदिराचा रंगमंच म्हणजे शाळेचा हॉल नव्हे. विंगेतून मध्यावर पोचायला किती मात्रा (तालाचे ठोके) लागतात, ते तिथे चालूनच कळतं. प्रयोगाच्या दिवशी मिसळ नको (नाशिकात हे सांगावं लागतं!), साधा वरणभात द्या. डब्यावर, चपलांवर नाव घाला. आणि मेकअप रूममध्ये आयांनी घुसायचं नाही, तिथे बॅकस्टेजची मंडळी असतात.