'आंतरधर्मीय' की 'अंतर्धर्मीय'? आणि थोडं 'संवाद'विषयी

प्रश्न असा आहे: 'आंतरधर्मीय संवाद' बरोबर की 'अंतर्धर्मीय संवाद'? आणि 'सर्वधर्मपरिषद' हा त्याचाच जुना पर्याय का?

'आंतरधर्मीय' लिहा. 'अंतर्' म्हणजे आत, जसं अंतर्गत, अंतर्मन. 'अंतर्धर्मीय' वाचलं की एकाच धर्माच्या पंथांमधली बोलणी डोळ्यांपुढे येतात. संस्कृतात 'आंतर'चा अर्थही 'आतला' असाच होतो, हा आक्षेप खरा. पण 'आंतरराष्ट्रीय', 'आंतरजातीय' इतके रुळलेत की मराठीपुरता तो कधीच निकालात निघाला. (वर्तमानपत्रांत 'आंतरधर्मीय'च्या पुढे बहुधा 'विवाह'च येतो, ते सोडा.)

'सर्वधर्मपरिषद' हा पर्याय नव्हे, ते मेळाव्याचं नाव. सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागोत भरली ती. मूळ इंग्रजी नावात 'पार्लमेंट' आहे. हिंदीने 'धर्म संसद' केलं, आपण 'परिषद' म्हटलं. मला आपलं बरं वाटतं. कोणता धर्म खरा, यावर तिथे मतदान थोडंच घ्यायचं होतं!

खरी गंमत 'संवाद'मध्ये आहे. आज तो नुसत्या बोलण्यासाठी वापरतात, पण संस्कृतात त्याला जुळणं, मेळ असणं असाही अर्थ आहे. 'विसंवाद'मध्ये तो अजून टिकून आहे: विसंवाद म्हणजे अबोला नव्हे, न जुळणं. गाण्यातला संवादी स्वरही वादीशी, म्हणजे रागातल्या मुख्य स्वराशी, जुळणाराच. एकनाथांच्या 'हिंदु-तुर्क संवाद' या भारुडात तर दोन्ही अर्थ एका जागी भेटतात. दोघे एकमेकांच्या देवाधर्माची मनसोक्त उणीदुणी काढतात, शेवटी मात्र गळाभेट होते. म्हणजे संवादाला गोड बोलण्याची अट नाही, हे सोळाव्या शतकातच मान्य होतं.

याहून जुना शब्द हवा असेल तर 'समवाय'. अशोकाच्या बाराव्या शिलालेखाच्या गिरनार प्रतीत 'समवायो एव साधु' असं आहे: एकत्र येणंच चांगलं. आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना जीभ आवरा, असंही तो सांगतो. पंथासाठी तिथे शब्द आहे 'पासंड', आणि त्यात निंदेचा लवलेश नाही. पुढे त्याचाच 'पाखंड' झाला. त्यामुळे त्या लेखाची सुरुवात शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली, तर राजा सगळ्या पाखंडांची पूजा करतो असं वाचावं लागेल.