डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो

"मॅडम, मी रोज ध्यानाला बसते पण मन शांत होतच नाही, उलट डोळे मिटले की विचार जास्तच येतात, माझं काही चुकतंय का?" हा प्रश्न मला फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर एसटीत शेजारच्या काकूंनी तिकीट काढता काढता विचारला. दरवेळी मी दोन वाक्यांत उत्तर द्यायला जाते आणि ते काही धड होत नाही, म्हणून आज एका बागायतदारांची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, गावही नाही, एकदोन तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय. आपण त्यांना भाऊ म्हणू.

मी देवगडला आठवड्यातून दोन दिवस बसते, ध्यान-योगाबद्दलच्या अशा तक्रारी ऐकायला. मेडिकलच्या वर एक खोली आहे, दोन खुर्च्या, एक टेबल, खडखडणारा पंखा आणि खिडकी. नोव्हेंबरच्या शेवटी भाऊ आले, बरोबर वहिनी. वय पन्नाशीच्या आसपास, हापूसची चारेकशे कलमं. बसल्या बसल्या म्हणाले, "ओ मॅडम, माझा काय्येक नाय, फक्त डोळे मिटले काय डोक्यात बाजार भरता."

झालं असं होतं की 21 जूनला गावातल्या शाळेच्या हॉलमधे योग दिनाचा कार्यक्रम झाला, तिथे भाऊंना एकदम पटलं आणि दुसऱ्या दिवसापासून यांनी मनावरच घेतलं. माणूस मुळात शिस्तीचा. पहाटे पाच वाजता उठायचं, मोबाईलवर एका गुरुजींचा व्हिडिओ लावायचा, कपालभाती, भस्त्रिका, अनुलोम विलोम कुंभकासकट (कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं), आणि मग वीस मिनिटं ध्यान. गुरुजी व्हिडिओत सांगायचे, "आता पूर्ण विचारशून्य व्हा." (हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं आणि रागही येतो, समोरच्याला "आता पूर्ण झोपा" म्हटल्यासारखं आहे ते.) भाऊ पाच महिने विचारशून्य व्हायचा प्रयत्न करत होते आणि रोज नापास होत होते. शेवटी शेवटी तर डोळे मिटले की छातीत धडधड, हाताला घाम, म्हणून घाबरून डोळे उघडायचे आणि मग दिवसभर स्वतःवर चिडायचे.

मी वहिनींकडे बघितलं तर त्या गप्प. म्हटलं तुम्ही सांगा. आधी नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं आणि मग जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही. "ह्यांका शांती गावूक होयी म्हणान आमी सगळी श्वास धरून बसतंव." (गावूक होयी म्हणजे मिळायला हवी.) सकाळी सहा ते साडेसहा घरात कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, नातवाने रडायचं नाही. एकदा सूनबाईंनी चुकून भाताचा कुकर लावला, दुसरी शिट्टी झाली तसे भाऊ ध्यानातून उठले आणि स्वयंपाकघरात येऊन असे ओरडले की ती पोर दिवसभर जेवली नाही. भाऊ खाली बघत होते.

आणि मग सहज बोलता बोलता निघालं की बीपीची गोळी यांनी गणपतीपासून बंद केलीय. का, तर व्हॉट्सअपवर आलं होतं की प्राणायाम केला की गोळ्या सुटतात. मी पुढचं सगळं तिथेच थांबवलं. म्हटलं भाऊ, उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी बीपी निघालं 160 वर 100. आता बघा, ज्याचं बीपी वाढलेलं आहे आणि गोळी बंद आहे असा माणूस रोज पहाटे जोरजोरात भस्त्रिका करतोय आणि श्वास कोंडून धरतोय, त्याला धडधडणार नाही तर काय होणार! बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया, गरोदरपण यात भस्त्रिका कपालभाती आणि लांब कुंभक टाळायचा असतो हे कुठलाही नीट शिकलेला योगशिक्षक पहिल्या दिवशी विचारून घेतो, व्हिडिओ कुणाला विचारत नाही. गोळी सुरू झाली, भस्त्रिका आणि कुंभक बंद झाले, आठवड्यात धडधड बरीच कमी झाली. पण बाजार भरायचा तो भरतच होता.

दुसऱ्या भेटीत भाऊ नेहमीचंच म्हणत होते, आधी इतके विचार नव्हते, योगा सुरू केल्यापासून वाढले, तेवढ्यात लाईट गेली. पंखा गरगरत गरगरत थांबला. दोघंही गप्प बसलो. आणि मग खिडकीतून समुद्राची गाज ऐकू यायला लागली, एकसारखी, मधेच एक मोठी लाट, पुन्हा तीच.

म्हटलं, "भाऊ, हा आवाज कुठून आला?"

"खयसून म्हंजे? समुद्राचो."

"मगाशी नव्हता?"

"होतोच. पंख्यात ऐकाक येय नव्हतो." आणि स्वतःच थांबले.

मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. दिवसभर फवारणी, मजूर, वाशी मार्केटचे फोन, टीव्ही, हा सगळा पंखाच. तो बंद करून माणूस पहिल्यांदा दहा मिनिटं बसला की आत जे कायम चाललेलं असतं ते ऐकू येतं आणि त्याला वाटतं हे ध्यानामुळे सुरू झालं. ध्यानाला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीला हे होतं. आणि हे नवीन दुखणं तर अजिबातच नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, की मन आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं कठीण. ज्ञानेश्वरीत माउली त्यावर विचारतात की माकडाला कधी समाधी लागेल का. हे सांगितल्यावर भाऊ खो खो हसले, कारण कोकणातल्या बागायतदारापुढे माकडाचं नाव काढणं म्हणजे! म्हणाले, "माकडांका बॉम लावलो काय पळतत, अर्ध्या तासान परत हजर. वर्सानुवर्सा लावतंव, माकडा काय कमी झाली नाय."

तर विचारांनाही तुम्ही पाच महिने बॉम लावताय, म्हटलं.

आता थोडं योगसूत्रांबद्दल, कारण लोकांचा इथे मोठा गोंधळ असतो. पतंजलींची सूत्रं दोनशेच्याही आत आहेत आणि त्यातली आसनावर थेट बोलणारी फक्त तीन. पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, ते चित्त विचलित करणाऱ्या गोष्टींची यादी देतात, नऊ अंतराय म्हणजे अडथळे, त्यात आजारपण आहे, संशय आहे, आळस आहे आणि सगळ्यात शेवटी अनवस्थितत्व, म्हणजे एक टप्पा गाठला तरी तिथे टिकता न येणं. पुढच्याच सूत्रात त्याबरोबर येणाऱ्या गोष्टी, दुःख, मनाची खिन्नता, अंगाला कंप, श्वास बिघडणं. भाऊंना हे वाचून दाखवलं तर म्हणाले ही तर माझीच फाईल आहे. दीड दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय की असं होतंच, याचाच त्यांना इतका धीर आला की माझ्या तीन भेटींनी आला नसता. आणि उपाय काय तर अभ्यास आणि वैराग्य, गीतेतही कृष्ण अर्जुनाला तेच दोन शब्द सांगतो. अभ्यास म्हणजे पतंजलींच्या लेखी स्थिर राहण्याचा यत्न. यत्न बरं का, स्थिर राहणं नव्हे. आसनाबद्दल बोलतानाही ते प्रयत्न सैल सोडायला सांगतात, आणि आमचे भाऊ दात ओठ खाऊन शांत होत होते.

मग मी त्यांना एक अगदी साधी गोष्ट दिली. व्हिडिओ बंद. खोलीत नाही, पडवीत बसायचं, त्यांची आई बसायची त्या पाटावर. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे, नजर समोर अंगणात खाली. ज्यांना डोळे मिटले की घाबरं होतं, किंवा ज्यांच्या आयुष्यात काही भयंकर घडून गेलंय, त्यांना मी डोळे मिटायला लावतच नाही. वीस मिनिटं नाही, फक्त सात. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, कुठेही न कोंडता. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात, त्यामुळे बाहेरचा श्वास लांबला की शरीर हळूहळू सैल व्हायला लागतं, यात चमत्कार काही नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंच आहे, वात म्हणजे आतला वारा, श्वास हलला की चित्त हलतं, तो थांबला की तेही थांबतं. देवगडच्या माणसाला वर पठारावरच्या पवनचक्क्या दाखवल्या की हे निराळं समजवावं लागत नाही.

आणि सोबत दोन वाट्या. एकीत सुपाऱ्या, दुसरी रिकामी. मन पळालं हे लक्षात आलं की एक सुपारी इकडून तिकडे टाकायची आणि परत श्वासावर यायचं. रागवायचं नाही, विचार कुठला होता ते बघायचं नाही, सुपारी टाकायची बस.

पहिल्याच दिवशी सव्वासातला फोन. आवाज पडलेला. "मॅडम, तेवीस. सात मिन्टात तेवीस येळा मन पळाला."

"वा," म्हटलं, "म्हणजे तेवीस वेळा तुम्ही परत आलात."

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "असा हिशोब मी केलोच नाय."

इथेच माझं सगळं म्हणणं आहे खरं तर. मन पळालं हे ज्या क्षणी कळतं तो क्षण नापास होण्याचा नसतो, तोच अभ्यास असतो, बाकीची सहा मिनिटं म्हणजे त्याची वाट बघणं.

पण माणूस बागायतदार, पेट्या मोजणारा. दोन आठवड्यांत सुपाऱ्या नऊवर आल्या आणि हे खूश. मला तेव्हाच शंका आली होती. डिसेंबरात थंडी पडेना, मोहर यायच्या जागी कलमांना पालवी फुटायला लागली, वर चार दिवस मळभ, आणि एका सकाळी एकतीस सुपाऱ्या. भाऊ वाटीच उचलून घेऊन आले माझ्याकडे, टेबलावर ठेवली, "परत पयल्यापासून." म्हटलं वाट्या आता घरी ठेवून द्या, काम झालं त्यांचं. मोजणं बंद. मोहर येणं तुमच्या हातात आहे का? नाही. खत, छाटणी, फवारणी हातात आहे. बसणं हातात आहे, आज मन किती शांत राहील ते नाही. वैराग्य म्हणजे हिमालयात जाणं नाही हो, एवढंच. हे त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण वाटी परत नेली.

त्या एकतीस सुपाऱ्यांबद्दल मात्र मी खोदून विचारलं. कारण सगळेच विचार माकडं नसतात, काही विचार म्हणजे न भरलेली बिलं असतात आणि त्यांना "आला आला, जाऊ दे" म्हणून चालत नाही. माझ्या मते योगाच्या नावाखाली होणारी ही सगळ्यात मोठी फसगत आहे, जिथे उठून काहीतरी करायला हवं तिथे माणूस श्वास मोजत बसतो. तासाभराने निघालं. सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यात दलालाकडून उचल घेतलेली, आणि यातलं वहिनींना काहीच माहीत नाही. रोज पहाटे डोळे मिटले की हेच समोर येत होतं आणि भाऊ त्याला हाकलत होते. यात पतंजली काय करणार, इथे वहिनींना बोलवायला हवं होतं.

पुढच्या भेटीत दोघं आले, भाऊंनी पासबुक आणि वही टेबलावर ठेवली आणि घसा खाकरून सुरुवात केली. वहिनींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माका गणपतीतच कळला हुता. तुमी कधी सांगतास ता बघी होतंय." भाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग आम्ही तिघांनी मिळून साधा हिशोब मांडला, कुठला हप्ता आधी, कुठला पुढे ढकलता येईल, सोसायटीत जाऊन कुणाशी बोलायचं. कर्ज काही त्याने फिटलं नाही. पण झोप लागायला लागली, आणि ती सुपाऱ्यांमुळे लागली की वहीमुळे हे मला विचाराल तर मी वहीला जास्त मार्क देईन.

जाता जाता एक सांगून ठेवते. ज्यांना दोन तीन आठवडे झोपच नाही, जेवणावरची वासना गेलीय, जगण्यात राम वाटत नाही, मरणाचे विचार येतात, त्यांनी ध्यानाच्या नादी लागून थांबू नका, आधी डॉक्टरांना भेटा, गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. पाट कुठे पळून जात नाही.

भाऊ अजून महिन्यातून एकदा येतात. रोज बसतातच असं नाही, फवारणीच्या दिवसांत राहून जातं. मधे फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी होता, मुलीच्या मैत्रिणीसाठी वेळ हवी होती. ठेवता ठेवता म्हणाल्या, मॅडम, आज एक गंमत झाली. सकाळी हे पडवीत बसले होते, मी कुकर लावून मागे विहिरीवर गेले आणि विसरूनच गेले. धावत आले तर गॅस बंद. सूनबाईंना विचारलं तर ती म्हणाली,

"तिसऱ्या शिट्टीक उठले, गॅस बंद केल्यानी आनी परत जाऊन बसले. काय्येक बोलूक नाय."