पहिल्यांदा सल्फ्युरिक हाताळताना

ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, एम.एस्सी.ला लागलीस आणि पहिल्याच आठवड्यात संहत, म्हणजे तीव्र, सल्फ्युरिक अ‍ॅसिड पातळ करायचं काम आलं. धास्ती वाटते म्हणालीस, ती साहजिक आहे. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

पाणी आधी, अ‍ॅसिड नंतर. हे अ‍ॅसिड पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, घनता सुमारे १.८४. त्यावर पाणी ओतलंस तर ते वरच राहतं, जागच्या जागी उकळतं आणि अ‍ॅसिडचे थेंब थेट तोंडावर उडतात. म्हणून बीकरमध्ये पाणी घे, बीकर बर्फाच्या पाण्यात ठेव आणि काचेच्या कांडीवरून बारीक धार सोडत ढवळत राहा. हाताला बीकर गरम लागला की थांब. घाई इथेच नडते.

नवीन मुलं हमखास करतात त्या चुका:

- साधा चष्मा पुरतो असं समजणं. बाजूंनी बंद असलेला गॉगलच घाल.
- पातळ हातमोज्यांवर विसंबणं. थेंब पडला की ते लगेच काढ.
- बाटली उघडी ठेवणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नकोच, अ‍ॅसिड हवेतलं पाणी ओढून घेतं.
- कातडीवर पडल्यावर सोडा शोधत बसणं. सरळ नळाखाली धर, निदान १५ मिनिटं.

माझ्या मनगटावर एकदा थेंब पडला होता. आधी नुसतं कोमट लागलं, मग चटका. कोमट लागताच धावलो म्हणून डाग तेवढा राहिला.

पहिल्या वेळी एकटी मात्र करू नकोस, कुणाला तरी शेजारी उभं कर.